बिनशिवणीचा खांदा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, मटण-मासे खाता का हेही विचारलं नाही. माझ्या हातावर ऑफिसचा स्वेटर होता. हात पुढे करून त्यांनी तो मागून घेतला, उलटा केला आणि खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवत म्हणाले, "हे टोचत न्हाई तुला?"

"नाही. म्हणजे, कधी लक्षात नाही आलं."

"आता यील," असं म्हणून त्यांनी स्वेटर परत दिला आणि खोलीची किल्ली आणायला आत गेले.

आणि खरंच, त्या दिवसापासून मला ती शिवण टोचायला लागली. ऐरोलीच्या ऑफिसात माझी खुर्ची एसीच्या बरोब्बर खाली होती. नवी मुंबईत थंडी पडते ती फक्त ऑफिसांत, आणि तिथे ती बारा महिने पडते. परदेशातल्या लोकांचे विम्याचे कागद तपासता तपासता मी सारखी खांदे उडवायला लागले. शेजारची मैत्रीण म्हणाली, "मानेला काय झालं गं?" तिला काय सांगणार? घरमालकांनी शिवण दाखवली म्हणून?

याला आता पाच-सहा वर्षं झाली. लग्न झाल्यापासून मी करंजाड्याला राहते. पण अजूनही कुणाचा स्वेटर हातात आला की मी तो आधी उलटा करते. ही सवय मला त्यांनी लावली.

त्यांचं घर कोपरखैरण्यात, बोनकोडे गावाला लागून असलेल्या एका गल्लीत होतं. मूळचं बैठं, त्यावर एक मजला चढवलेला. वरची खोली माझी, जिना बाहेरून. खाली ते आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे मावशी. सगळी गल्ली त्यांना आबा म्हणायची, मीही म्हणायला लागले. मूळ गाव साताऱ्याकडे, जावळीच्या डोंगरात. हयात माथाडी म्हणून गेलेली. बुटका, रुंद माणूस. मान अशी नव्हतीच, डोकं थेट खांद्यांवर ठेवलेलं. आणि ज्या बोटांनी जन्मभर गोणीचे कान धरले, त्या जाडजूड बोटांत दोन विणायच्या सुया.

दुपारचे चार वाजले की आबा पायरीवर येऊन बसायचे. शेजारी बटाट्याचं रिकामं पोतं, त्यात लोकर. चष्मा दोरीने बांधलेला. सुयांकडे ते जवळजवळ बघायचेच नाहीत, बघायचे ते येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या खांद्यांकडे. शाळेतून येणाऱ्या मुलीला हाक मारायचे, "दप्तराचा डावा पट्टा लांब झालाय बग, वाकडी चालतियास." गॅसवाल्याला म्हणायचे, "टाकी उजव्यावर घे की जरा, डाव्याचा जीव जाईल." माणसाच्या तोंडावरून काय कळत नाही, खांद्यावरून सगळं कळतं, असं त्यांचं म्हणणं. एकदा मी जिना चढत होते, तर मागून म्हणाले, "साहेब बोलला का काय आज?" साहेब खरंच बोलला होता. मी वळून विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" तर सुईवरचा टाका मोजत म्हणाले, "खांदे कानापाशी गेल्यात."

मावशींना या विणकामाचं कौतुकही होतं आणि वैतागही. "बाकीच्या बायांच्या घरात सवत येती, माझ्या घरात लोकर आली," त्या म्हणायच्या. "सवत तरी चार भांडी घासती."

विणायला ते शिकले कुणाकडून, हे मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. राहवतच नव्हतं. तेव्हा कळलं की वाशीच्या फळबाजारात सफरचंदाच्या गाड्या यायच्या आणि त्यांतल्या एका गाडीबरोबर एक म्हातारा पहाडी माणूस यायचा. माल उतरेपर्यंत तो चाकाला टेकून विणत बसायचा. अख्खी टोळी त्याला हसायची. आबाही हसायचे. एक दिवस त्यांनी जाऊन विचारलं, "बाबा, औरत का काम क्यूं करता?" म्हातारा म्हणाला, "ठंड औरत-मर्द देख के लगती है क्या?"

"मला काय बोलावं कळंना," आबा मला म्हणाले. "मग उगं आपलं त्याच्या खांद्यावर हात ठिवला. तर बोटाला शिवणच लागंना. म्हटलं, हे कसं केलंय? म्हाताऱ्यानं सूटर काढून दावला. गळ्यापास्नं काखेपतूर चार तिरप्या रेघा, बास. खांदा सगळा मोकळा. पोरी, तीस वर्सं मी खांद्यावर वज्जं वाह्यलं. शिवणीवर गोनी बसली की कसं हुतं, ते मला इचार. आन् हितं ह्या बाबानं शिवणच काढून टाकली हुती!"

म्हाताऱ्याने खोक्याची फळी तासून त्यांना दोन काड्या करून दिल्या. तीन हंगाम तो आला आणि त्या तीन हंगामांत माल उतरवण्याच्या मधल्या वेळात आबा शिकले. चौथ्या हंगामात गाडी आली, म्हातारा आला नाही.

या प्रकाराला रॅगलन म्हणतात हे मी त्यांना मोबाइलवर दाखवलं. त्यांना फार आवडलं. ते 'रगलन' म्हणायचे. रगलन गळ्यापासून सुरू होतो आणि खाली खाली वाढत जातो. गळ्याच्या टाक्यांत चार ठिकाणी खुणा करायच्या आणि एकाआड एक फेरीला प्रत्येक खुणेच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका वाढवायचा. खुणेसाठी आबा किल्ल्यांच्या कड्या अडकवायचे. शिवायचं काहीच नाही. "घाई असंल त्यानं शिवावं," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. मावशींनी भाजीत मीठ कमी घातलं तरी तेच म्हणायचे, त्याचा भाजीशी काय संबंध ते आम्हाला कधी कळलं नाही.

आबांनी तो मोठा स्वेटर घातला तो ऐन चैत्रात. घातला म्हणजे सुयांवर घातला, तारेने एकमेकींना जोडलेल्या दोन सुयांवर. ऐरोलीचा पूल ओलांडून मुलुंडला गेले आणि पोतंभर लोकर घेऊन आले. करडी, अस्सल लोकर. बाहेर डांबर वितळत होतं आणि हे पायरीवर बसून मांडीवर गरम लोकरीचा ढीग घेऊन विणतायत. आठ दिवसांत त्याचा घेर एवढा झाला की मांडीवरून ओघळून पायरीवर यायला लागला. पलीकडच्या आगरी काकू पाण्याचा हंडा घेऊन जाताना थांबल्या. म्हणाल्या, "आबा, यो सूटर हाय का मांडव? लगीन लावाचं हाय का कोनाचं याच्यान?"

आबा म्हणाले, "एकाच माणसाचा हाय."

"कोन हाय तो? भीम?"

आबा नुसते हसले. मला खरं तर तेव्हाच जिन्यावरून खाली येऊन विचारायचं होतं. कुणासाठी? आबांना मुलगा नव्हता, एक मुलगी होती, ती पुण्याला. जावई किडकिडीत. नात्यात एवढा अवाढव्य माणूस कोण? मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "मला काय सांगतोय तो? मीबी बगतिया."

वरून खाली विणण्यातला फायदा असा की अर्धवट असताना अंगात घालून बघता येतं. पण घालून बघायला तेवढा माणूस तर हवा! मागच्या गल्लीत जिम चालवणारा एक दांडगा मुलगा होता. आबांनी त्याला मे महिन्यात भर दुपारी बोलावलं आणि सुयांसकट तो करडा घेर त्याच्या डोक्यातून उतरवला.

"आबा, मरेन ना मी!" तो ओरडला. "घाम बघा, घाम!"

"मरशील तवा काढू. हात खाली घे. आता वर. आता परत खाली."

त्याने केलं. दंडाचे गोळे असे की लोकर ताणली गेली. आबांनी चारी बाजूंनी बघितलं आणि मान हलवली. "न्हाई. तू कामाचा न्हाईस. तुझा हात लई वर जातो."

तो मुलगा माझ्याकडे बघायला लागला, मी त्याच्याकडे. हात वर जातो ही काय तक्रार झाली?

त्याचं उत्तर मला जूनमध्ये मिळालं. रविवार होता. आबांनी खालून हाक मारली. गेले तर म्हणाले, "तुझी वढणी दे जरा." दिली. तिने त्यांनी माझा उजवा दंड माझ्याच अंगाला बांधला, कोपरापर्यंत गच्च. फक्त मनगट मोकळं. मावशी स्वयंपाकघराच्या दारात पीठ लागलेल्या हातांनी उभ्या.

"आता हा घाल," आबा म्हणाले. "कुनी मदत करायची न्हाई."

स्वेटर तोपर्यंत काखेच्या खाली वीतभर गेला होता. बाह्यांचे टाके दोरीवर काढून ठेवलेले, बाहीच्या जागी नुसतं भोक. मी डोकं घालायला गेले, तर ते म्हणाले, "असं न्हवं. दुखरा हात आदी. मग डोकं. चांगला हात शेवटाला." मी तसं केलं. उजवं मनगट भोकातून गेलं, कोपर अडकलं. ओढलं, वाकले, कमरेतून पिळले. डोकं गळ्यात घातलं तर तोंड लोकरीत आणि कोपर अजून तिथेच. मी आतून म्हटलं, "आबा, नाही जात."

"किती र्‍हायलं?"

"दोन बोटं."

त्यांनी मला सोडवलं. ओढणी घडी करून दिली. मग पायरीवर बसले, सुई काढली, धाग्याचं टोक शोधलं आणि ओढायला लागले. मी बघतच राहिले. टाके पटापट सुटत होते, एकेक ओळ फरफरत जात होती. दोन महिन्यांचं काम! मी म्हटलं, "आबा, अहो दोन बोटांसाठी? तेवढंच खाली कुठेतरी..."

"काखेतली दोन बोटं काखेत वाढत न्हाईत. त्याला वर गळ्यापास्नं रेघ लांब धरावी लागती," ते म्हणाले. "बस हितं. गुंडाळ."

मी समोर बसले आणि सुटलेल्या धाग्याचा गुंडा करायला लागले. ते उसवत होते, मी गुंडाळत होते. मग मी विचारलं. यापुढे न विचारणं मला शक्यच नव्हतं.

"आबा, कुणाचा हात वर जात नाही?"

"माझ्या दादाचा."

आणि मग ते बोलले. धागा ओढत ओढत, माझ्याकडे न बघता. दारात मावशीही होत्या. पुढे त्या मला म्हणाल्या की त्यांनीही ते तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

आबा अठरा वर्षांचे असताना थोरल्या भावाने त्यांना मुंबईला आणलं. बाजार तेव्हा नवी मुंबईत आला नव्हता, मस्जिद बंदरकडे होता. दादा तालमीतला गडी. आबा काडीपैलवान. दिवसभरात आबांच्या वाटणीच्या निम्म्या गोण्या दादाच उचलायचा आणि टोळीत कुणाला बोलू द्यायचा नाही. एक दिवस एका गोदामात बटाट्याची थप्पी लागलेली होती. गोणी नेहमी वरून काढायची. आबांचा हात वर पुरेना, म्हणून त्यांनी मधली ओढली. थप्पी कलली. खाली दादा पाठमोरा वाकलेला होता.

"उजव्या खांद्याचा चुरा झाला," आबा म्हणाले. "चार महिने दवाखाना. मुकादमानं इचारलं, मधली गोनी कुनी वढली? मी गप. दादाला इचारलं, तर दादा म्हनला, माझीच चूक झाली. त्येला वाटलं आसंल, त्याच्याच धक्क्यानं थप्पी पडली. आन् मी गप र्‍हायलो. सांगितलं आसतं तर मला टोळीतनं काढला आसता. मग म्हटलं, जरा बरा झाला की सांगू. बरा झाला, गावाला गेला, परत आलाच न्हाई. हात वर जात न्हाई, बोटांत जीव न्हाई. मी जत्रंला जातो, दिवाळीला जातो. दरसाल म्हनतो, औंदा सांगू."

"आणि स्वेटर?"

"तिकडं थंडी लई. थंडीत खांदा ठनकतो त्याचा. सूटर घालायचा तर हात वर करावा लागतो. म्हनून वैनी त्येला बटनाचा कोट घालती, ल्हान पोराला घालावा तसा. त्येला ते खपत न्हाई. शिव्या देतो तिला. मग घालतच न्हाई, कुडकुडत बसतो." आबांनी आणखी एक ओळ ओढली. "त्यानं आपल्या हातानं घातला पायजे. कुनी हात लावायचा न्हाई. म्हनून यवढा ढगळ."

मावशी दारातून म्हणाल्या, "चाळीस वर्सं माझ्यापाशी राहिलास आन् मला हे आज कळतंय?"

आबा धागा ओढत राहिले. मावशींनी आत जाऊन पातेलं जोरात आपटलं. त्या संध्याकाळी खालच्या घरात कुणीच कुणाशी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता आबा पायरीवर आले, आणि पाठोपाठ मावशी आल्या आणि न बोलता लोकरीचं पोतं त्यांच्या जवळ सरकवून गेल्या.

गळा पुन्हा घातला गेला. या वेळी थोडा रुंद, रेघा लांब, बाही काखेपाशी एवढी सैल की माझी मांडी मावेल. दर पंधरा दिवसांनी माझा हात ओढणीने बांधला जायचा. श्रावणात पहिल्यांदा माझं कोपर आत गेलं आणि आगरी काकू, जिमवाला मुलगा, मावशी, सगळे ओरडले. तोपर्यंत गल्लीला थोडंफार कळलं होतं, एवढंच की गावच्या थोरल्या भावासाठी आहे. गोणीचं कुणाला माहीत नव्हतं.

दिवाळीपर्यंत बाह्या झाल्या. पण दिवाळीला आबा गावाला गेले नाहीत. पाय दुखतो म्हणाले. स्वेटर तयार होऊन पिशवीत पडला. मार्गशीर्ष गेला. मी रोज जिना उतरताना पिशवीकडे बघायची. शेवटी एक दिवस मावशीच वर माझ्या खोलीत आल्या. "तुला सुट्टी हाय का शनवार-रविवार?" त्यांनी विचारलं. "तू येतीस म्हटलं तर तो निघंल. मी नुसतं चल म्हटलं तर पाय दुखतोय त्याचा."

असे आम्ही तिघं गेलो. एसटीने साताऱ्यापर्यंत, पुढे वडापच्या जीपने. वाटेत आबा पिशवी मांडीवर घेऊन बसले. गावात पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि तोंडातून वाफ निघत होती. मी जन्मात अशी थंडी बघितली नव्हती. माझा ऑफिसचा स्वेटर तिथे कागदासारखा वाटला.

दादा ओसरीवर बसलेले होते. मी मनात एक राक्षस धरून चालले होते. प्रत्यक्षात उंच पण वाळलेला म्हातारा, पांढऱ्या मिश्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला, खांद्यावर नुसतं घोंगडं. आबांना बघून म्हणाले, "बारक्या, एवढ्या थंडीचं कुटं आलास?" अडुसष्ट वर्षांचे आबा चटकन वाकून त्यांच्या पाया पडले. त्या रात्री पिशवी उघडलीच नाही. जेवून सगळे झोपलो.

सकाळी अंगणात ऊन आलं. दादा घोंगड्यात गुरफटून पोत्यावर बसले होते. वहिनी चूल पेटवत होत्या. आबांनी पिशवी आणली आणि स्वेटर दादांच्या मांडीवर ठेवला.

दादांनी डाव्या हाताने तो उचलला. "हे काय? दोघांत एक?"

"तुलाच हाय. घालून बग."

वहिनी लगेच उठून आल्या आणि सवयीने हात पुढे केले. आबा म्हणाले, "वैनी, ऱ्हाऊ दे. दादा, दुखरा हात आदी घाल."

दादांनी आबांकडे एक नजर टाकली. मग डाव्या हाताने उजवं मनगट उचलून बाहीत सोडलं. बाही ओढली. मी नकळत माझा उजवा दंड अंगाशी घट्ट धरला होता. कोपर गेलं. कुठे अडकलं नाही. मग त्यांनी मान खाली घालून गळ्यात डोकं घातलं, क्षणभर आतच राहिले, आणि पांढरे केस विस्कटलेले असे वर आले. डावा हात गेला. स्वेटर मांड्यांपर्यंत खाली उतरला. वहिनींचे हात अजून पुढेच होते. त्यांनी ते हळूच पदरात घेतले.

दादांनी डाव्या हाताने उजवा खांदा चाचपला, पुढून, मागून. "शिवण कुटं हाय?"

आणि आबा एकदम म्हणाले, "दादा, ती गोनी म्या वढलेली."

"कंची गोनी?"

"मस्जिदला. थप्पीतली मधली. म्या वढली. मुकादमानं इचारलं तवा गप बसलो."

दादांचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता हा माणूस स्वेटर काढून फेकणार. मावशींनी माझा हात धरला.

"काय बोलतोस?" दादा म्हणाले. "ती म्या वढली."

"न्हाई दादा. म्या."

"आरं तू तर भाईर हुतास! तू पानी प्याला गेलतास. म्या वाकून मधली वढली आन् समदं अंगावर आलं. पन्नास वर्सं गावाला सांगतोय मी ते. समद्या पोरांना सांगितलंय, मधल्या गोनीला हात लावायचा न्हाई. आन् तू आज येऊन मला शिकीवतोस?"

"दादा, माझा हात वर पोचत नव्हता, म्हनून..."

"गप!"

आबा गप झाले नाहीत. बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच. ते सांगत होते, गोणीचा कान कसा हातात होता, तागाचा वास कसा होता, दादाची पाठ कशी दिसत होती. दादा ओरडत होते की सगळं खोटं आहे. दोन म्हातारे, एकमेकांची चूक हिसकावून घेत होते. खरं कुणाचं, मला आजही माहीत नाही. एवढ्या वर्षांत दोघांनीही ती गोणी इतक्या वेळा ओढली होती, की दोघांच्याही हाताला तिची ओळख होती.

शेवटी आबा नुसतेच म्हणाले, "म्या वढली, दादा. तुज्या पाया पडतो, म्या वढली."

दादा थांबले. धाप लागली होती त्यांना. मग म्हणाले, "बरं. तू वढली. पर तुला त्या गोदामात आणलं कुनी? म्या. हात पोचत न्हाई हे म्हाईत आसून थप्पीपाशी हुबा कुनी केला? म्या. मग?"

आबा मटकन खाली बसले, दादांच्या पायापाशी. वहिनी चुलीकडे गेल्या, मावशी त्यांच्यामागे. मीही जायला हवं होतं, पण गेले नाही.

दादांनी मान एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवली. "बारक्या, गळ्यातनं वारं शिरतंय."

आबांनी चष्म्याखालून डोळे पुसले. "हात वर न करता डोकं जावं म्हनून गळा मोठा ठिवलाय."

"ते मला काय सांगतोस? वारं शिरतंय त्याचं बोल."

"काढ मग. कॉलर विणून देतो."

"काढनार न्हाई. आत्ता तर घातलाय."

आबांनी पिशवीतून उरलेला लोकरीचा गुंडा काढला, आणि ती तारेने जोडलेली सुयांची जोडी. दादांच्या मागे पोत्यावर बसले आणि गळ्याच्या कडेवरून एकेक टाका उचलायला लागले. तार गळ्याभोवती आली तशी दादा म्हणाले, "फास लावतोस काय रं?"

"हालू नगं. टाका सुटंल."

आणि ज्यांनी कधी कुणाचं ऐकलं नाही असं वहिनी सांगत होत्या, ते दादा मान ताठ धरून गप्प बसले. आबा विणत राहिले. फेरी पुढच्या बाजूला आली की ते गुडघ्यांवर सरकत पुढे यायचे, मागे गेली की मागे. गावातली दोन माणसं येऊन बघून हसून गेली. मध्येच दादा विचारायचे, "किती ऱ्हायलं?" आबा म्हणायचे, "चार बोटं उंच करायचाय. बस." मग दादांनी विचारलं, कोपरखैरण्याला पाणी रोज येतं का. आबांनी सांगितलं, येतं. लेक कशी आहे, विचारलं. आबांनी सांगितलं.

ऊन अंगणातून सरकत गोठ्याच्या बाजूला गेलं. वहिनी चहा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आवो, सावलीत काय बसलाय? उनात सरका की."

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. सुटणं शक्य नव्हतं, तार गळ्याभोवती होती. मग आबांनी एका हातात सुया सांभाळल्या, दुसऱ्या हाताने दादांच्या काखेत आधार दिला, मी त्यांच्याखालचं पोतं ओढलं, आणि दोघं तसेच, मधला धागा ताणू न देता, हातभर उन्हात सरकले.